उलट्या पार्सलांची पोच

इस्माईलभाई, पार्सल पोचलं.

या वेळी मी स्वतः नेलं. कोपऱ्यावर ठेवलं नाही, कुणाच्या हाती पाठवलं नाही. तुमच्या नियमाप्रमाणे आता पोच द्यायला हवी. दार कोणी उघडलं, बसायला काय दिलं, काय खाल्लं, निघताना काय बोलणं झालं. त्यातली एखादी गोष्ट जरी सांगायची राहिली तरी तुम्ही स्टिअरिंगवर बोटं वाजवत म्हणायचात, "हे तर पोस्टमनने पण केलं असतं. तू कशाला गेलास?"

पोच घ्यायला तुम्ही नाही, हे मला कळतं. तरी सकाळी दहाच्या सुमारास गॅरेजच्या गेटात पिकअपचा हॉर्न वाजतो आणि मी हातातला हातोडा खाली ठेवतो. पिकअपवर आता दुसरा ड्रायव्हर आहे. भला माणूस आहे बिचारा, पण हॉर्न तोच आहे ना.

आपला शर्फुद्दीन म्हणाला, लिहून दे, शुक्रवारी शारजातल्या रोला चौकात सगळे जमतील तेव्हा मी वाचून दाखवतो. मी म्हटलं, आठवी नापास माणसाचं लिहिलेलं काय वाचणार? तो म्हणाला, पार्सलांवरचे पत्ते दहा वर्षं कोण लिहीत होतं? ते खरं. पत्ते तुम्ही माझ्याकडूनच लिहून घेतलेत. माझं अक्षर वळणदार नाही म्हणून मी लाजायचो, तर तुम्ही म्हणायचात, पत्ता वाचता आला की झालं, त्याला काय लग्नपत्रिकेवर छापायचंय? तेव्हा हे तसंच लिहितोय. ऐकणाऱ्यांत काही नवीन माणसं आहेत, म्हणून तुम्हाला माहीत असलेलंही पुन्हा सांगावं लागेल. कंटाळू नका.

आपण भेटलो ते त्र्याण्णव साल. मी इंडस्ट्रियल एरियात डेंटर म्हणून आलो होतो, ठोकलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करायला. मागे पाटण तालुक्यातलं डोंगरातलं गाव, पुढे ओळखीचं कुणी नाही. अरबाबची, म्हणजे मालकाची, गाडी गेटात शिरली की मला वाटायचं, आज हा मला परत पाठवणार. आमच्या खोलीत सोलापूरचा एक पेंटर होता, अजूनही आहे. तो म्हणाला, स्पेअर पार्टच्या दुकानाचा पिकअपवाला रत्नागिरीकडचा आहे, त्याला सगळी शारजा ओळखते, त्याला धरून राहा म्हणजे तुझं काही वाईट होणार नाही. दुसऱ्याच दिवशी तुम्ही रेडिएटर घेऊन आलात. मी कॅफेटेरियातून कागदी कपात चहा आणला आणि तुमच्या खिडकीशी उभा राहिलो.

तुम्ही चहाकडे बघितलंत, मग माझ्याकडे. "काम काय आहे?"

"काही नाही भाई. असंच."

"असंच कोण चहा आणतो?" तरी कप घेतलात. एक घोट घेऊन म्हणालात, "साखर जास्त आहे. काम मोठं दिसतंय."

या एका वाक्यावरून तुम्ही मला दहा वर्षं चिडवलंत. काय दत्तोबा, आज साखर किती? मी हसायचो, पण आतून कानकोंडा व्हायचो. कारण तुम्ही पहिल्या घोटातच ओळखलं होतंत. मी माणूस बघून नव्हतो आलो, आधार बघून आलो होतो.

आता पार्सलांचं. सुट्टीवर निघालेला माणूस आपल्या गावच्या, आपल्या जातीतल्या, आपल्या खोलीतल्या लोकांची पार्सलं नेतो, ही जगाची रीत. दापोलीचा दापोलीची नेणार, मल्याळी मल्याळ्याची नेणार. तुमचं सगळंच उलटं. कोण कधी सुट्टीवर निघतोय याची यादी तुमच्या डोक्यात असायची. सगळ्यांची पार्सलं पिकअपमध्ये गोळा करायची आणि मुद्दाम तिरकी वाटायची. राजापूरच्या माणसाला मंडणगडचं पार्सल, मंडणगडच्याला देवरुखचं. कापडात शिवलेल्या गठ्ठ्यावर घरचा पत्ता मोठ्या अक्षरात आणि खालच्या कोपऱ्यात नेणाऱ्याचं नाव. आत काय असायचं म्हणा, दूध पावडरचा डबा, बाम, एखादं ब्लँकेट, खजूर. पण नेणाऱ्याचा एक दिवस मोडायचा. एसटी बदलत, विचारत विचारत अनोळखी गावात जायचं. लोक कुरकुरायचे. तुम्ही म्हणायचात, "दोन महिने सुट्टी आहे तुझी. त्यातला एक दिवस माझा."

नियम दोनच. पार्सल दारातून देऊन पळायचं नाही, आत जाऊन बसायचं. आणि परत आल्यावर पोच द्यायची, ज्याचं घर त्याच्यासमोर.

तिकडे अबूधाबीपलीकडे रुवैसला पाइप फिटर असलेला भिकाजी तर पहिल्या वेळी भांडलाच होता तुमच्याशी. तो राजापूरचा, पूर्वाश्रमीचा सुतार, आणि त्याला दिलं होतंत संगमेश्वरकडचं शर्फुद्दीनच्या घरचं पार्सल. दोघांनी एकमेकांचं तोंडसुद्धा पाहिलेलं नव्हतं. भिकाजी गेला, तर शर्फुद्दीनच्या घराचं मागचं दार बिजागरीतून निखळलेलं, दोरीने बांधून ठेवलेलं. सुताराला ते बघवेना. शेजारून पटाशी मागून आणली, मुक्काम केला, दार बसवून दिलं. परत आल्यावर भिकाजीने पोच दिली तेव्हा शर्फुद्दीन उठून बाहेर गेला. पुढे रुवैसला भिकाजीच्या हातावर पाइप पडला तेव्हा शारजाहून तीन बस बदलून पहिला कोण पोचला? शर्फुद्दीन. भिकाजीच्या गावचे दोघे तिथेच कॅम्पात होते, ते ड्युटी संपल्यावर आले.

मी तुम्हाला विचारलं होतं, हा उपद्व्याप कशासाठी. तुम्ही म्हणालात, गावचा माणूस गावच्याला धरतो कारण त्याला भीती वाटते, त्यात वाईट काही नाही. पण दोघे एकाच विहिरीतलं पाणी पितात, विहीर आटली की दोघे तहानलेले. ओळख दुसऱ्या विहिरीशी पण पाहिजे. मला तेव्हा ते नीट कळलं नाही. नव्याण्णवला मला कावीळ झाली आणि हॉस्पिटलात अकरा जण बघायला आले, तेव्हा कळलं. नर्सने विचारलं, "सब एक गाँव का है क्या?" मी मोजलं. माझ्या तालुक्याचा एकही नव्हता.

पण मला आधी पंच्याण्णवचं बोलायचंय. आठ वर्षं ते सांगायचं राहिलंय.

माझी पहिली सुट्टी. तुम्ही मला तुमच्या स्वतःच्या घरचं पार्सल दिलंत. सोलापूरकर म्हणाला, नशीबवान आहेस, भाई आपल्या घरचं सहसा कुणाला देत नाहीत. मी कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला आलो, तिथून दाभोळ खाडीच्या काठच्या तुमच्या गावची एसटी धरली. उतरल्यावर एकाला विचारलं, इस्माईल ड्रायव्हरचं घर कुठे. त्याने कपाळाला आठ्या घातल्या. मग म्हणाला, "म्हणजे मास्तरांचं घर. सरळ जा, शिंप्याच्या दुकानापासून उजवीकडे."

मास्तर! तुमचे वडील मास्तर आहेत हे तुम्ही कधी सांगितलं नव्हतंत, भाई. मला वाटलं होतं तुम्ही ड्रायव्हर, तर घर आपल्यासारखंच असेल. शिंप्याच्या कोपऱ्यावरून वळलो आणि ओटी दिसली. चटईवर आठ-दहा पोरं बसलेली, पांढरी टोपी घातलेले एक म्हातारे हातात पट्टी घेऊन उभे आणि पोरं तेराचा पाढा म्हणतायत. तेराच्या पाढ्याशीच माझी शाळा संपली होती. आठवीत मला फळ्यासमोर उभा केला होता, तेरा सत्ते मला येईना, वर्ग हसला. आमचे मास्तर म्हणाले उद्या बापाला घेऊन ये. मी बापाला सांगितलंच नाही, आणि पुन्हा शाळेतही गेलो नाही. चौदाव्या वर्षी साताऱ्याच्या गॅरेजात पत्रे ठोकायला लागलो.

त्या कोपऱ्यावर मी किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. हे आता मला बसवून घेणार आणि विचारणार, कितवी शिकलास? पाय पुढे जाईना. मी शिंप्याच्या दुकानात पार्सल ठेवलं, म्हटलं मास्तरांकडे द्या, माझी गाडी चुकेल. गाडीला अजून दोन तास होते.

परत आल्यावर तुम्ही पिकअपमध्ये बसवलंत आणि इंजिन बंद केलंत. तुमच्याच घरची पोच, म्हणून ऐकणारे तुम्ही एकटेच.

"दार कोणी उघडलं?"

"अम्मांनी," मी म्हणालो. विमानात सगळं ठरवून ठेवलं होतं.

"हं. कशा आहेत?"

"एकदम मजेत. त्यांनीच तांदळाच्या भाकरी थापल्या, स्वतःच्या हाताने. म्हणाल्या, इस्माईलला सांग, काळजी करू नको."

"हाताने थापल्या?"

"हो भाई. गरमगरम वाढल्या."

तुम्ही काचेतून समोर बघत राहिलात. मग म्हणालात, "बरं झालं." आणि किल्ली फिरवलीत.

त्यानंतर तुमच्या घरचं पार्सल मला कधी मिळालं नाही. सत्त्याण्णवला तुम्ही मला भिकाजीच्या घरी पाठवलंत. त्याची आई ठार बहिरी. मी दारात उभा राहून घसा फोडून नाव सांगितलं, तिने मला हाताला धरून आत नेलं आणि आंबोळ्या खायला घातल्या. बोलायचा प्रश्नच नव्हता. नव्याण्णवला खेडकडचं एक घर होतं, तिथली बाई अशी बोलकी की मला दोन तास फक्त मान हलवायची होती. दोन हजार एकला लांज्याचे एक रिटायर कारकून, ते प्रश्न विचारायचे, पण आधी स्वतःच उत्तर द्यायचे. त्या तिन्ही घरांच्या पोचा मी खऱ्या दिल्या, अगदी चहाच्या कपाच्या कानासकट. तुम्ही खूश व्हायचात. मी मात्र दर वेळी तुमच्या गठ्ठ्याच्या कोपऱ्यात कुणाचं नाव आहे ते बघायचो. माझं नसायचं. मला वाटायचं, यांना कळलं असणार, विश्वास उडाला. मग वाटायचं, कळलं असतं तर बोलले नसते का? असं उलटसुलट आठ वर्षं. सांगून टाकावं म्हणून कितीदा तुमच्या खिडकीशी आलो. तुम्ही विचारायचात, आज साखर किती, आणि राहून जायचं.

आणि शेवटचं भांडण. तुम्ही जायच्या तीन आठवडे आधीचा शुक्रवार.

रोलात झाडाखाली जेवण झालं, पिकअपमध्ये बसलो. मी नवा मोबाइल घेतला होता आणि जरा हवेत होतो. म्हटलं भाई, आता ही उलटी पार्सलं बंद करा. कार्गोवाले घरपोच नेतात, किलोला सात दिरहम, म्हणजे नव्वद रुपये. ज्याला बोलायचं तो सरळ फोन लावतो. कशाला लोकांचे दिवस मोडता? तुम्ही म्हणालात, कार्गोवाला चहा पितो का तिथे बसून? मला राग आला, का ते आता कळतंय. चहाचं नाव काढलं की मला ती ओटी आठवायची. मी म्हणालो, "तुम्हाला मोठेपणा पाहिजे भाई. दोन माणसं तुमच्याशिवाय भेटली तर तुम्हाला चालत नाही."

शब्द तोंडातून गेले. तुम्ही चिडाल असं वाटलं. तुम्ही विचार केलात, खरोखर विचार केलात, आणि म्हणालात, "असेल. खोटं कशाला बोलू? चौघं नाव घेतात, बरं वाटतं. पण मोठेपणासाठी केलं तरी चहा गरमच होता ना?"

मी दाराच्या कडीवर हात ठेवला.

"तुझं सांग. तू माझ्याशी ओळख का केलीस?"

"मला कामावर जायचंय," मी म्हणालो आणि दार उघडून उतरलो. शुक्रवार होता, सुट्टीचा वार, भाई. तुम्ही इतके हसलात की मागची गाडी हॉर्न द्यायला लागली.

उत्तर मी तुम्हाला सांगणार होतो. इन्शाल्ला पुढच्या शुक्रवारी, म्हणून दोन शुक्रवार गेले. तिसऱ्या आठवड्यात फोन आला. दुकानात बंपर उचलताना तुम्ही खाली बसलात आणि म्हणे, पाणी मागितलंत. पाणी येईपर्यंत खलास.

जनाज्याला इंडस्ट्रियल एरियातली निम्मी गॅरेजं आली होती. पेशावरचे, केरळचे, नेपाळचे, ज्यांना नमाज माहीत नाही तेही टोपी नसली तर डोक्याला रुमाल बांधून उभे. मीपण खांदा दिला. तू कोण, असं कुणी विचारलं नाही.

मग तुमचं सामान कोणी न्यायचं यावर बोलणं झालं. तुमचा पुतण्या आठवड्याभरात गावी जाणारच होता. शर्फुद्दीन म्हणाला, भाईंचं सामान त्यांच्याच गावचा माणूस नेणार? मग त्यांनी आयुष्यभर केलं काय? आणि त्याने तुमच्या बंकखालून काढलेला एक गठ्ठा पुढे ठेवला. तीन बाजू शिवलेल्या, चौथीत सुई तशीच खोचलेली. घरचा पत्ता, या वेळी तुमच्या अक्षरात. कोपऱ्यात लिहिलेलं, 'दत्ता, जून'.

माझी सुट्टी जूनमध्ये होती. म्हणजे भांडण होऊनही ते नाव तसंच होतं. खरं सांगू का भाई, मला रडू आलं आणि त्याच वेळी हायसं पण वाटलं. यांना कधी कळलंच नव्हतं, असं वाटलं. चौथी बाजू मी शिवली, गठ्ठा तुमच्या बॅगेत बाकीच्या सामानासोबत ठेवला आणि अरबाबच्या पाया पडून एप्रिलमध्येच रजा घेतली.

शिंप्याचं दुकान अजून आहे. शिंपी तोच, चष्मा नवीन. त्याने मला बघितलं आणि मशीन थांबवली. कोपऱ्यावर मी पुन्हा थांबलो. ओटीवर आता पोरं नव्हती, चटई गुंडाळून भिंतीला लावलेली. मी कडी वाजवली.

दार मास्तरांनी उघडलं. त्यांनी बॅगेकडे बघितलं, खाली वाकून तिच्या हँडलवर हात ठेवला आणि तसेच राहिले. मग मला हाताला धरून ओटीवर बसवलं, ती चटई स्वतः पसरून. अम्मा आल्या आणि माझ्या चेहऱ्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, "उन्हातून आलास. जेवलास काय?" जिचा मुलगा गेला ती आई हे विचारते. 

जेवताना मास्तरांनी तो प्रश्न विचारलाच. "कितवी शिकलास?"

"आठवी नापास."

"मग तिथे करतोस काय?"

मी सांगितलं, डेंटिंग. गाडीचा पत्रा आत गेलेला असतो. बाहेरून ठोकला तर अजून बिघडतो. आतून हात घालून, लाकडाचा ठोकळा लावून, हळूहळू बाहेर आणायचा. घाई केली की पत्रा ताणतो, मग कायमचा गेला.

मास्तरांनी घास थांबवून ऐकलं. म्हणाले, "म्हणजे आमचंच काम."

भाभी इद्दतीत आहेत, चार महिने दहा दिवस बाहेरच्या पुरुषासमोर यायचं नाही, म्हणून त्या आतल्या दाराच्या पडद्याआडून बोलत होत्या. मी नुसता आवाज ऐकला. त्यांनी तुमच्या जेवणाचं विचारलं, तुमच्या गुडघ्याचं विचारलं. मी सांगत होतो. अम्मा भाकरी वाढत होत्या. त्यांचा उजवा हात मनगटाशी थोडा वाकडा आहे. माझी नजर तिथे गेलेली पाहून त्या म्हणाल्या, जुनं आहे, पडले होते.

पडद्यामागून भाभी म्हणाल्या, "तुम्ही पहिल्यांदा आलात ना दत्ताभाऊ, शिंप्याकडे ठेवून गेलात, त्याच आठवड्यात. हात मोडला म्हणून अम्मा महिनाभर चिपळूणला मामांकडे होत्या. प्लास्टरमध्ये."

घास माझ्या हातातच राहिला. मी सांगितलं होतं, भाकरी स्वतःच्या हाताने थापल्या.

मी विचारलं, "भाईंना माहीत होतं?"

"त्याच शुक्रवारी एसटीडी बूथवर त्यांचा फोन आला तेव्हा सांगितलं की. शिंप्याने पण सांगितलं होतं, माणूस कोपऱ्यापर्यंत आला आणि ओटीवरची पोरं बघून मागे फिरला." मग म्हणाल्या, "मी चिडले होते. म्हटलं, कसल्या माणसाकडे देता? तर हसले. म्हणाले, कोपऱ्यापर्यंत आला ना? पुष्कळ झालं. आधी त्याला दुसऱ्यांची दारं दाखवतो."

बहिरी आई. बोलकी बाई. स्वतःच उत्तर देणारे कारकून. भाई, आठ वर्षं तुम्ही माझ्यासाठी घरं निवडत होतात. आणि मी तुम्हाला म्हणालो, मोठेपणा पाहिजे.

तुम्ही सगळं ऐकून घेतलंत त्या दिवशी, हात मोडलेल्या तुमच्या आईच्या गरमगरम भाकरींसकट, आणि म्हणालात, बरं झालं. ओरडला असतात तर मी दुसऱ्या दिवशी गॅरेज बदललं असतं. हे तुम्हाला माहीत होतं. मी रागावलोय थोडा तुमच्यावर, हेही लिहून ठेवतो. एकदा तरी सांगायचंत, दत्तोबा, मला ठाऊक आहे. आठ वर्षांची झोप मिळाली असती.

निघताना अम्मांनी पिशवी भरली. कोकम, आणि सोडे, वाळवलेली सोललेली कोलंबी. मी म्हटलं, अम्मा, हे आता कुणासाठी? त्या म्हणाल्या, इतक्या लांबून आलेला माणूस रिकाम्या हाताने जातो काय? मास्तर ओटीवरून म्हणाले, "ओळखीच्याला देऊ नकोस हं. इस्माईलला राग यायचा."

तर पोच अशी. पंच्याण्णव साल: दार कोणी उघडलं नाही, कारण मी वाजवलं नाही. बसलो नाही, खाल्लं नाही, बोललो नाही. माफी असावी. या साली: दार मास्तरांनी उघडलं. बसायला चटई. तांदळाची भाकरी, सोड्याचं कालवण, ते मी घाटावरचा माणूस असून संपवलं. निघताना जे बोलणं झालं ते वर लिहिलंय.

आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मी तुमच्याशी ओळख केली ती भीतीने. दुसरं काही कारण नव्हतं. कुणीतरी म्हणालं होतं, त्याला धरून राहा. धरलं. पण भीती कधी गेली आणि तुम्हाला धरून राहायचं तेवढं कसं उरलं, ते मला सांगता येत नाही. तुम्ही असतात तर बोटं वाजवत सांगितलं असतंत.

एवढं एकच उरलं. पिशवी मी खोलीवर आणली. दोन दिवसांत सोड्यांच्या वासाने आठ जणांचं डोकं उठलं. सोलापूरकर म्हणाला, एक तर ही पिशवी या खोलीत राहील नाहीतर मी. समोरच्या खोलीत बांगलादेशातल्या सिल्हेटचा एक वेल्डर राहतो. चार वर्षं आम्ही एका नळावर दात घासतो, त्याचं नाव मला माहीत नव्हतं. काल संध्याकाळी पिशवी घेऊन त्याच्या दाराशी गेलो. हात वर केला आणि, विश्वास ठेवा, तोच कोपरा आठवला. मग वाजवलं.

त्यानेच उघडलं. मला बघून गोंधळला. "क्या काम है, भाई?"

"कुछ नहीं. ऐसे ही."

त्याने पिशवीत डोकावून पाहिलं, नाक लावलं आणि डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच होते. मग बंकवरचे कपडे बाजूला सारून मला जागा केली आणि स्टोव्ह पेटवला. नाव अब्दुल मतीन. घरी दोन मुली आहेत. येत्या महिन्यात सुट्टीवर निघालाय. ही ओळख मी का केली म्हणून विचाराल तर खरं सांगतो, अर्धी सोलापूरकराच्या भीतीने.

चहा गरम होता, भाई. साखर जास्त होती.